विश्लेषण : अमेरिकी वसाहतींचे समर्थक, फ्रेंच क्रांतीचे विरोधक… एडमंड बर्क नेमके कोणाच्या बाजूचे?

अमेरिकी वसाहतींची बाजू ब्रिटिश संसदेत लढवणारा आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर जनरलवर महाभियोग आणणारा नेता फ्रेंच राज्यक्रांतीचा मात्र कट्टर टीकाकार ठरला. आधुनिक पुराणमतवादाचे जनक मानल्या जाणाऱ्या एडमंड बर्क यांच्या भूमिकांत विसंगती होती की एकच सूत्र?

बर्क कोण होते?

बर्क यांचा जन्म १७२९ मध्ये डब्लिनचा. वडील प्रोटेस्टंट वकील, आई कॅथलिक. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर कायद्यानेच अनेक बंधने होती. त्यामुळे कायदा अन्यायाचे हत्यार कसा होतो, हे त्यांनी घरातूनच पाहिले. ट्रिनिटी कॉलेजातून बाहेर पडल्यावर ते वकिली शिकायला लंडनला गेले, पण रमले लेखनात. १७६५ मध्ये ते पंतप्रधान रॉकिंगहॅम यांचे सचिव झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खासदार. घराणे वा इस्टेट पाठीशी नसलेल्या आयरिश माणसासाठी ही मोठी मजल होती.

अमेरिकेबाबत भूमिका काय?

संसदेने वसाहतींवर कर लादले, तेव्हा तसा अधिकार आहे की नाही यावर काथ्याकूट चालला होता. बर्क यांचा मुद्दा वेगळा होता : अधिकार असला तरी तो वापरणे शहाणपणाचे आहे का? वसाहतींतले लोक नवे काही मागत नसून, आपल्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर नको, हा इंग्रजांचा जुनाच हक्क मागत आहेत, असे ते मांडत. मार्च १७७५ मध्ये त्यांनी समेटाचा प्रस्ताव आणला. संसदेने तो फेटाळला आणि महिनाभरातच लेक्सिंग्टनला बंदुका कडाडल्या. आयर्लंडच्या व्यापाराला आणि कॅथलिकांना सवलती देण्याची बाजू घेतल्याने ब्रिस्टलचे मतदारही नाराज झाले. १७८० मध्ये त्यांना ती जागा गमवावी लागली.

भारताशी आणि मराठ्यांशी संबंध कसा?

१७८१ मध्ये रघुनाथराव पेशव्यांचे वकील हणमंतराव दोन पारशी सहकाऱ्यांसह लंडनला पोहोचले. परमुलखात त्यांच्या सोवळ्याओवळ्याची पंचाईत झाली. बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि स्वयंपाक व पूजाअर्चेसाठी बागेतले काचघर मोकळे करून दिले.

त्याच सुमारास संसदीय समितीतून ते कंपनीच्या कारभाराची कागदपत्रे तपासत होते. बनारसचे राजा चेतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्याकडून पैसा उकळल्याच्या आरोपांवरून वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग आणण्यात ते आघाडीवर राहिले. भारतात प्राचीन कायदे आणि संस्था आहेत. देश बदलला म्हणून नीती बदलत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. १७८८ मध्ये सुरू झालेला खटला सात वर्षे चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले. बर्क यांनी भारतातील ब्रिटिश सत्ताच संपवा, असे म्हटले नव्हते. पण तिने संसदेला उत्तर दिले पाहिजे, हे त्यांनी ठणकावले.

मग फ्रेंच क्रांतीला विरोध का?

नोव्हेंबर १७९० मध्ये त्यांचा फ्रेंच क्रांतीवरील ग्रंथ आला, तेव्हा गिलोटिनचे दहशतपर्व अजून दूर होते. स्वातंत्र्य हा पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वारसा आहे. जुन्या संस्था मुळासकट उपटून कागदावरच्या तत्त्वांतून नवा समाज घडवू गेल्यास सत्तेला आवर घालणारे काहीच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. अशा गोंधळात अखेर एखादा लोकप्रिय सेनापती सत्ता बळकावेल, हेही त्यांनी लिहिले. १७९९ मध्ये नेपोलियनने तेच केले. सुधारणा त्यांना अमान्य नव्हती. जपण्यासाठीच बदलावे लागते, हे ते मानत.

आक्षेप कोणते?

मेरी वुल्स्टनक्राफ्ट आणि टॉमस पेन यांनी लगेच प्रत्युत्तर दिले. राणीच्या दुःखाने हळहळणाऱ्या बर्क यांना भुकेली जनता दिसली नाही, हा त्यांचा रोख. तो बिनबुडाचा नव्हता. बर्क यांनी सरदारवर्गाच्या वर्चस्वाचे समर्थन केले आणि मताधिकार वाढवण्यास विरोध केला. ज्यांच्या वाट्याला परंपरेने फक्त जाच आला, त्यांनी किती काळ थांबायचे, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नाही. याच वादात १७९१ मध्ये चार्ल्स जेम्स फॉक्स यांच्याशी असलेली जुनी मैत्रीही तुटली.

आज महत्त्व काय?

१७९४ मध्ये एकुलता मुलगा रिचर्ड गेला आणि बर्क खचले. ९ जुलै १७९७ रोजी बीकन्सफील्डला त्यांचे निधन झाले. पुढे ब्रिटन-अमेरिकेतील पुराणमतवाद्यांनी त्यांना आपले आद्यपुरुष मानले. पण परंपरेच्या नावाने सत्तेची पाठराखण करणाऱ्यांना बर्क सोयीचे नाहीत. राजाचे मंत्री, कंपनीचा गव्हर्नर की क्रांतिकारकांची सभा, बेलगाम सत्ता कोणाच्याही हाती असो, त्यांनी तिला विरोधच केला. परंपरा त्यांना मोलाची वाटे, ती मुख्यतः सत्तेला वेसण घालते म्हणून.