मास्टरमोशाय नंदलाल बसू

भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने ज्यांनी सजविली, ते आचार्य नंदलाल बसू आपल्या समाजाला नावाने तरी परिचित आहेत. चित्रकार म्हणून त्यांची थोरवी सर्वमान्य आहे. आम्हांस मात्र येथे त्यांच्यातील शिक्षकाविषयी लिहावेसे वाटते.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील हवेली खरगपूर येथे झाला. महाविद्यालयीन परीक्षांत त्यांना वारंवार अपयश आले. मुलांच्या गुणपत्रिकेकडे पाहून खिन्न होणाऱ्या पालकांनी हा तपशील अवश्य ध्यानी घ्यावा. अखेर ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या हाताखाली दाखल झाले.

त्या काळातील एक प्रसंग अवनींद्रनाथांनीच पुढे आपल्या आठवणींत सांगितला आहे. नंदलालांनी तपस्विनी उमेचे चित्र काढले होते. गुरूंना ते फार रूक्ष वाटले. थोडा रंग, थोडा साज हवा, असे त्यांनी सुचविले. शिष्य मुकाट्याने चित्र घेऊन गेला. त्या रात्री गुरूंचा डोळा लागला नाही. तपाला बसलेल्या उमेला साज कशाला, हे शिष्याला कळले आणि आपल्याला कसे कळले नाही, या विचाराने ते तळमळत राहिले. सकाळ होताच ते शिष्याकडे धावले. नंदलाल चित्रात बदल करण्याच्या तयारीतच होते. चित्र वाचले.

आमच्या मते नंदलालांच्या पुढील अध्यापनाचे बीज या एका सकाळीत आहे.

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर ते अजिंठ्यास आले आणि बौद्ध भित्तिचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी केल्या. पुढे शांतिनिकेतनातील कलाभवनाची धुरा त्यांनी वाहिली, ती १९५१ पर्यंत. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत.

१९२५ मध्ये बांकुड्याच्या एका गरीब नाभिक कुटुंबातील रामकिंकर बैज हा मुलगा तेथे आला. तो तैलरंगांकडे वळला. नंदलालांना तैलरंगांची ओढ नव्हती, तरी त्यांनी त्याची वाट अडविली नाही. याच रामकिंकरांनी १९३८ मध्ये सिमेंट आणि जांभ्याच्या खडीतून, कामाच्या शोधात निघालेले संथाळ कुटुंब कलाभवनाच्या आवारात उभे केले. तोवर राजे आणि साहेब यांचेच पुतळे पाहिलेल्या देशात कावड वाहणारा श्रमिक एवढ्या भव्य रूपात उभा राहिला! गुरूची शैली या शिल्पात शोधूनही सापडत नाही.

विनोदबिहारी मुखर्जींची कथा याहून हृद्य आहे. एक डोळा जन्मतः निकामी, दुसऱ्याची दृष्टी अधू. अशा मुलाला चित्रकला शिकविण्यास कोण धजावले असते? कलाभवनाने त्यांना घडविले, तेथेच शिक्षक केले. मध्ययुगीन संतांवरील त्यांचे हिंदी भवनातील भित्तिचित्र आजही पाहता येते. पुढे उरलेली दृष्टीही गेली, तरी त्यांचे काम थांबले नाही.

संविधानाच्या सजावटीचे काम आले, तेव्हा नंदलालांनी विद्यार्थ्यांना सोबत घेतले. हस्तलिखितात बुद्धचरित्रातील प्रसंगही चितारला आहे. उद्देशिकेच्या पानाची नक्षी मात्र त्यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांच्या हातची आहे. त्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव आहे ते शिष्याचे: राम.