काळोखाचे सोने : वाल्टर बाडे
१८९३ साली जर्मनीत जन्मलेले ज्योतिर्विद वाल्टर बाडे १९३१ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत आले. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले. अनेक सहकारी मात्र युद्धकार्यास गेले. त्यामुळे वेधशाळेतील २५४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बाडे यांना रात्रीमागून रात्री लाभली. युद्धामुळे जवळच्या लॉस एंजल्सचे दिवेही मंद असत. त्या काळोखात देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातील तारे त्यांनी प्रथमच सुटे सुटे टिपले आणि ताऱ्यांचे जुने व नवे असे दोन वर्ग १९४४ साली मांडले. सूर्याजवळून वेगाने जाणाऱ्या जुन्या ताऱ्यांत लोहादी धातू अत्यल्प असतात, कारण ते ताऱ्यांच्याच उदरात कालांतराने घडत गेले, हे पुढे उमगले. १९६० साली बाडे निवर्तले. संकटकाळातील काळोखाचे त्यांनी सोने केले.