एकट्याचे तारू : कॅप्टन जोशुआ स्लोकम

आपल्या खानदेशात पाणी म्हटले म्हणजे तापी, गिरणा नाहीतर पांझरा. उन्हाळ्यात तर गिरणेच्या वाळूतून पायी पलीकडे जाता येते. समुद्राची ओळख आपल्याला बहुधा भूगोलाच्या पुस्तकातूनच होते. तरीही लहानशा शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसाचे चरित्र वाचकांना आपलेसे वाटेल.

जोशुआ स्लोकमचा जन्म १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. वडील कोळ्यांसाठी बूट शिवीत. शाळा जेमतेम झाली आणि पोरगाही त्याच कामाला जुंपला गेला. त्याने चोरून एक चिमुकले जहाज कोरले, ते वडिलांनी फोडून टाकले. चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी झाला. पुढे स्वतःच्या हिमतीवर कॅप्टन झाला. पत्नी व्हर्जिनिया हिने जहाजावरच संसार केला. १८८४ साली ती वारली. तोवर वाफेच्या बोटी आल्या होत्या आणि शिडाच्या जहाजांवरील कप्तानांना कोणी विचारीना.

अशा पडत्या काळात, १८९२ साली, ओळखीच्या एका कप्तानाने त्याला शेतात पडून असलेली एक जुनाट होडी देऊ केली. तेरा महिने खपून त्याने ती नवी केली. लांबी ३७ फुटांहून थोडी कमी, नाव ‘स्प्रे’. २४ एप्रिल १८९५ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने बोस्टन सोडले. या गृहस्थाला पोहता येत नव्हते!

समुद्रावरचा त्याचा दिवस मात्र आपल्या घरच्या दिवसासारखाच कामात जाई. पहाटे डेकवर येऊन पडलेले उडते मासे गोळा करायचे, तीच न्याहारी. जोडीला बटाटे, खारवलेले मासे, बिस्किटे. खोलीतल्या दिव्यावरच कॉफी उकळायची. मग दोर तपासणे, शिडे शिवणे, सूर्याची उंची मोजणे. शिडांचा तोल साधून सुकाणूचे चाक बांधून टाकले की होडी आपोआप वाट धरी. हिंदी महासागरात २३ दिवसांच्या २७०० मैलांच्या टप्प्यात त्याने फार तर तीन तास चाक हाती धरले. उरलेला वेळ वाचनाचा. शाळा हुकलेल्या माणसाने भर समुद्रात पुस्तकांचे कपाट बाळगावे, याचे अप्रूप ज्यांच्या घरात कॉलेजात येणारे आपणच पहिले, अशा आम्हा मुलांना जास्त वाटते.

घड्याळ एक डॉलरचे, पत्र्याचे. त्याचा मिनिटकाटा गळाला. पुढे उकळून काढल्यावर ते निदान तास सांगू लागले. २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा केली, तेव्हा ठिकाण उपग्रह सांगत होते. स्लोकमचा भरवसा सूर्य, चंद्र आणि अंदाज यांवर.

खरा त्रास एकटेपणाचा. सुरुवातीच्या धुक्यात तो नसलेल्या खलाशाला मोठ्याने हुकूम सोडी, उत्तर नाही म्हणून गाणी म्हणे. अझोर्स बेटांनंतर प्लम आणि चीज खाऊन पोटात कळा आल्या, तो भ्रमात पडून राहिला. कोलंबसच्या ताफ्यातला एक सुकाणूवाला चाकावर उभा आहे, असे त्याला दिसले. सकाळी पाहतो तो होडी नव्वद मैल सरळ आलेली!

तीन वर्षांनी, २७ जून १८९८ रोजी, ४६,००० मैल करून तो परतला. १९०० साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. पुढे त्याने शेती घेतली, पण मन रमले नाही. साठी उलटल्यावर तो त्याच ‘स्प्रे’तून पुन्हा एकटा निघाला, तो कोणाला दिसलाच नाही. १९२४ साली कोर्टाने त्याला मृत ठरवले.