विस्मृत आवाजांचा सांगाती

डेव्ह गॉडिन हा गवई नव्हे, वादकही नव्हे. तो हाडाचा श्रोता. १९३६ साली लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताचे वेड त्याला शाळकरी वयातच लागले. पुढे लंडनमध्ये त्याने ‘सोल सिटी’ हे तबकड्यांचे दुकान काढले. उत्तर इंग्लंडमधून येणारी पोरे जुनी, ठेक्याची गाणी मागत. त्यांना ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव त्यानेच दिले. नाव जगभर झाले, दुकान मात्र बुडाले!

त्याचा जीव गुंतला होता तो संथ, काळीज पिळवटणाऱ्या ‘डीप सोल’मध्ये. चर्चमधील गायनाची धग या गाण्यांत असे. लहानसहान कंपन्या ती काढत. ती खपत नसत आणि गायकही विस्मृतीत जात. लॅरी बँक्सचेच पाहा. त्याचा रचनेत वाटा असलेले ‘गो नाऊ’ १९६५ मध्ये ‘मूडी ब्लूज’ या इंग्रज मंडळींनी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर नेले. बँक्सचा स्वतःचा आवाज मात्र अडगळीतच राहिला. जे खपले नाही ते हिणकस, हा बाजाराचा निवाडा गॉडिनने कधीच मानला नाही.

साठी ओलांडल्यावर त्याला संधी मिळाली. १९९७ पासून ‘केंट’ कंपनीसाठी त्याने अशी गाणी वेचून संकलने केली. पहिल्याच संकलनात लॅरी बँक्स होता. गाण्यांवरची टिपणे गॉडिन स्वतः लिही, तीही विलक्षण जिव्हाळ्याने. चौथे संकलन २००४ मध्ये निघाले, तेव्हा शंभर गाणी पुरी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला.