जमशेटजी टाटा : कापूस, जहाज आणि पोलाद

अनसिंगच्या काळ्या रानात आज सोयाबीन दिसते. पण आमच्या आजोबांच्या पिढीला कापूस हेच नगदी पीक. कापूस आपण पिकवतो आणि भाव मात्र दूर कुठेतरी ठरतो, हे मी घरात लहानपणापासून ऐकत आलो. म्हणूनच जमशेटजी टाटांच्या चरित्रातील जहाजांचा अध्याय मला विशेष जवळचा वाटतो.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीला जन्मलेल्या जमशेटजींनी गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस येथे पिकत होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. लँकेशायरचे गिरणीवाले ज्या अमेरिकन रिंग चात्यांकडे संशयाने पाहत, त्या त्यांनी नागपुरात चालवून दाखवल्या.

सूत उत्तम निघू लागले. पण ते पूर्वेकडे नेणार कोण? चीन-जपानच्या मार्गावर पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीचे वर्चस्व होते आणि भाडे जबर होते. १८९३ साली जमशेटजी जपानला गेले. निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी त्यांनी करार केला. धोका उभयतांनी उचलायचा असे ठरले. तेथूनच ते अमेरिकेकडे निघाले. त्याच जहाजावर शिकागोला चाललेले स्वामी विवेकानंद होते.

टाटांची जहाजे सुरू होताच प्रतिस्पर्ध्याने भाडे इतके उतरवले, की आपल्याच व्यापाऱ्यांनी त्यांची साथ सोडली. स्वस्ताईचा मोह दोन दिवसांचा, हे कोणी ओळखले नाही. टाटा लाइन बुडाली. जपानी कंपनीची मुंबईची वाहतूक मात्र टिकली. एकाला मागे आपला देश उभा होता, दुसऱ्याला नव्हता. हा फरक मला फार बोलका वाटतो.

जमशेटजी खचले नाहीत. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोखंडाचा अहवाल त्यांनी १८८२ सालीच वाचला होता. १९०२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते पुन्हा अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या तज्ज्ञाला त्यांनी पोलादाच्या कामासाठी राजी केले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. कारखान्यातून पोलाद निघाले ते १९१२ साली.

जपानकडून सहकार्य आणि अमेरिकेकडून तंत्र त्यांनी घेतले. पण दोन्हींचा उपयोग इथल्या मालाला इथेच मोल यावे यासाठी केला. नागपूरची ती गिरणी आज बंद आहे. आपला माल, त्याची वाट आणि त्याचा भाव कोणाच्या हाती, हा त्यांचा प्रश्न मात्र आमच्या बांधावर अजून उभाच आहे.