फादर आर्मां दाविद आणि भिंतीपलीकडील हरिण

एखाद्या गावाची ओळख जशी तेथील किल्ल्यावरून किंवा देवळावरून पटते, तशी प्राणिसंग्रहालयाची ओळख तेथील एखाद्या जनावरावरून पटत असते. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आणले गेले आणि ते पाहण्यासाठी एकच झुंबड उडाली. जुनागढची सक्करबाग म्हटली म्हणजे गीरचा सिंह आठवतो. दार्जिलिंगची बाग म्हटली म्हणजे तांबडा पांडा. परदेशांतही हाच प्रकार आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९५८ पासून १९७२ पर्यंत ची-ची नावाची एक पांडा मादी होती, आणि त्या काळी लंडनला जाणारा मनुष्य तिला पाहिल्यावाचून परतत नसे. त्याच इंग्लंडात वोबर्न ॲबे म्हणून एका सरदार घराण्याचे विस्तीर्ण उद्यान आहे. ते एका विलक्षण हरणासाठी प्रसिद्ध आहे. पांडा आणि हे हरिण ही दोन्ही जनावरे मूळची चीन देशातील. आणि दोहोंची वार्ता युरोपास प्रथम पोहोचविणारा पुरुष एकच. हा पुरुष कोणी शिकारी नव्हता, सावकार नव्हता, सरदारही नव्हता. तो एक शाळामास्तर व धर्मोपदेशक होता. म्हणूनच त्याचा वृत्तान्त आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

आर्मां दाविद यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२६ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील एस्पलेत या खेड्यात झाला. हा बास्क लोकांचा मुलूख असून पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेला आहे. वडील वैद्यकी करीत आणि त्यांना वनस्पती व प्राणी यांचा नाद होता. मुलासही तोच लागला. डोंगरातून भटकावे, किडे व फुलपाखरे गोळा करावी, पक्ष्यांच्या मागे दिवसचे दिवस घालवावे, असा त्याचा बाळपणीचा क्रम होता. अशा मुलांस आपल्याकडे बहुधा उनाड म्हणतात. सुदैवाने दाविदांच्या घरी तसे कोणी म्हटले नसावे, असे पुढील वृत्तान्तावरून दिसते.

सन १८४८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी संत व्हिन्सेंट द पॉल यांनी स्थापिलेल्या मिशनरी संघात प्रवेश केला. चीनमध्ये जाऊन काम करावे अशी त्यांची प्रथमपासून उत्कंठा होती; परंतु वरिष्ठांनी त्यांस इटलीतील सव्होना येथे शिक्षक म्हणून पाठविले. तेथे सुमारे दहा वर्षे त्यांनी मुलांस शास्त्रविषय शिकविले. मनात चीन आणि हातात खडू, अशी ही दहा वर्षे. ती वाया गेली असे मात्र कोणी समजू नये. मुलांना घेऊन ते रानात जात आणि जमविलेल्या वस्तूंचे लहानसे संग्रहालय मांडीत. त्यांच्या शिष्यांपैकी जाकोमो दोरिया यांनी पुढे जेनोवा शहरात सृष्टिविज्ञानाचे मोठे संग्रहालय स्थापिले, आणि लुइजी दाल्बेर्तिस हे न्यू गिनी बेटाचे नामांकित प्रवासी झाले.

अखेर १८६२ साली फादर दाविद पेकिंग येथे, म्हणजे आजच्या बीजिंग शहरी, जाऊन पोहोचले. तेथील मिशनने एक शाळा काढण्याचे योजिले होते आणि तीत शास्त्र शिकविण्याचे काम त्यांजकडे आले. येथेही त्यांनी संग्रह आरंभिला. पॅरिसच्या सृष्टिविज्ञान संग्रहालयाकडे त्यांनी पाठविलेले नमुने पाहून तेथील प्राध्यापक आंरी मिल्न-एडवर्ड्‌स इतके संतुष्ट झाले, की या पाद्रीबुवांस काही काळ केवळ याच कामासाठी मोकळे करावे, अशी विनंती संघाच्या वरिष्ठांस करण्यात आली व ती मान्य झाली.

पेकिंगच्या दक्षिणेस नान-हाय-त्झू नावाचे बादशाही शिकारीचे रान होते. त्याभोवती कित्येक कोस लांबीची उंच भिंत असून तिजवर सैनिकांचा पहारा असे. आत पाऊल टाकण्याची परकीयास सक्त मनाई. सन १८६५ च्या शरद ऋतूत फादर दाविद यांनी त्या भिंतीवरून आत डोकावून पाहिले, तो दूरवर शंभरांहून अधिक हरणांचा एक कळप चरत होता. असे हरिण त्यांनी कधी पाहिले नव्हते व कोणत्या ग्रंथात वाचलेही नव्हते. शेपटी गाढवासारखी लांब व गोंडेदार, खूर गाईसारखे रुंद, मान उंटासारखी आणि शिंगे मात्र हरणाचीच, पण त्यांचे फाटे मागच्या बाजूस वळलेले. चीनमधील लोक यास मीलू म्हणतात. त्याचे दुसरेही एक नाव आहे. त्याचा अर्थ असा, की चार प्राण्यांसारखे दिसूनही त्यांपैकी कोणाशीच न जुळणारे. आपल्याकडील बारशिंग्याप्रमाणे हे पाणथळीत राहणारे जनावर आहे, म्हणून त्याचे खूर चिखलात रुतत नाहीत.

दाविद यांनी हे हरिण शोधून काढले असे पुस्तकांतून लिहितात. आम्हांस हा शब्द तितकासा रुचत नाही. चीनच्या लोकांस ते हजारो वर्षांपासून ठाऊक होते. रानातून ते केव्हाच नाहीसे झाले होते, आणि बादशहाच्या या भिंतीआड तेवढा एक कळप उरला होता. दाविद यांनी केले ते इतकेच, की ही गोष्ट भिंतीबाहेरच्या जगास कळविली. पण तेवढ्यावरच पुढे सारे अवलंबून राहिले.

सरळ मार्गाने काही मिळेना, तेव्हा पहारेकऱ्यांच्या हातावर पैसे ठेवून जानेवारी १८६६ मध्ये त्यांनी या हरणाची कातडी मिळविली व पॅरिसला रवाना केली. धर्मोपदेशकाने लाच द्यावी हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, आणि चरित्रनायक थोर म्हणून हा भाग झाकून ठेवणे हेही प्रशस्त नव्हे. मिल्न-एडवर्ड्‌स यांनी त्याच वर्षी या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास दाविद यांचे नाव दिले. मग युरोपातील राजदूतांनी चिनी दरबाराकडे खटपट करून काही जिवंत हरणे मिळविली व ती निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांत जाऊन पडली.

दाविद यांनी तीन मोठे प्रवास केले. पहिला १८६६ साली मंगोलियात, तिसरा १८७२ ते १८७४ या काळात मध्य व आग्नेय चीनमध्ये. या दोहोंविषयी विस्तार न करता आम्ही दुसऱ्याकडे वळतो, कारण त्याचीच कीर्ती अधिक आहे. सन १८६८ मध्ये ते यांगत्से नदीच्या मार्गाने पश्चिमेस निघाले आणि १८६९ च्या आरंभी सिचुआन प्रांताच्या सीमेवरील मूपिंग या डोंगराळ मुलखात येऊन राहिले. तेथे फ्रेंच मिशनऱ्यांचे एक विद्यालय होते. मार्च महिन्यात तेथील एका डोंगरावर चढताना ते व त्यांचा चिनी सोबती बर्फात वाट चुकले. खडकांस व झाडांच्या मुळांस धरधरून तासचे तास त्यांनी काढले आणि प्राण कसेबसे वाचविले.

त्याच महिन्याच्या ११ तारखेस ली नामक एका जमीनदाराच्या घरी चहास गेले असता त्यांस एका मोठ्या काळ्यापांढऱ्या अस्वलाचे कातडे दिसले. त्यांनी लगेच ओळखले, की हे शास्त्रास नवीन आहे. शिकारी कामास लावले गेले. २३ मार्च रोजी ते एक पिल्लू घेऊन आले. पिल्लू जिवंत सापडले होते. परंतु वाहून आणणे सोपे जावे म्हणून शिकाऱ्यांनी ते वाटेतच मारले होते. १ एप्रिल रोजी पूर्ण वाढलेले जनावर आले, तेही मेलेलेच. यांची कातडी व हाडे पॅरिसला गेली. आज ज्यास सारे जग पांडा म्हणून ओळखते तो प्राणी युरोपास असा प्रथम परिचित झाला. त्या काळी शास्त्रज्ञाचे काम बहुधा बंदुकीवाचून होत नसे, आणि दाविदही त्यास अपवाद नव्हते. परंतु डोंगरामागून डोंगर उजाड होत असलेले पाहून त्यांनी आपल्या रोजनिशीत जो खेद लिहून ठेवला आहे, तो वाचला म्हणजे हा मनुष्य निव्वळ कातडी जमविणारा नव्हता याची खात्री पटते. जंगले तुटली म्हणजे त्यांतील असंख्य जीव कायमचे नष्ट होतील, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

प्रवासांच्या श्रमांनी त्यांची प्रकृती खालावली आणि १८७४ साली ते फ्रान्सला परतले. तोवर सस्तन प्राण्यांच्या साठांहून अधिक व पक्ष्यांच्याही जवळजवळ तितक्याच नव्या जातींचा परिचय त्यांनी शास्त्रास करून दिला होता. सन १८७७ मध्ये चीनमधील पक्ष्यांविषयी त्यांचा व उस्ताले यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाकीचे आयुष्य पॅरिस येथील मिशनच्या मठात गेले. तेथेही शिकविणे व संग्रह लावणे चालूच होते.

इकडे पेकिंगच्या भिंतीआड काय चालले होते? सन १८९५ मध्ये नदीस महापूर येऊन भिंत फुटली. बहुतेक हरणे बाहेर पडली, आणि उपाशी लोकांनी ती मारून खाल्ली. अन्नावाचून तडफडणाऱ्या माणसांस दोष कोणी द्यावा? उरलासुरला कळप १९०० सालच्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत परदेशी फौजांनी संपविला. त्याच धामधुमीत पेकिंगमधील मिशनच्या चर्चला दोन महिने वेढा पडला होता, आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी फादर दाविद यांनी पॅरिस येथे देह ठेविला.

आता या जातीचे जे काही जीव होते, ते युरोपातील प्राणिसंग्रहालयांत विखुरलेले. एखाद्या पिंजऱ्यात एक, एखाद्यात दोन. अशाने वंश कसा वाढावा? त्या वेळी बेडफर्डचे अकरावे ड्यूक हर्ब्रँड रसेल यांनी मिळतील तेवढी, म्हणजे १८ हरणे, वोबर्न येथील आपल्या मोकळ्या कुरणात एकत्र आणली. पहिल्या महायुद्धात चाऱ्याची टंचाई पडून कळपास झीज लागली. तरी दुसरे महायुद्ध संपले तेव्हा त्यांची संख्या अडीचशेच्या आसपास होती. सगळा वंश एकाच कुरणात असणे धोक्याचे, हे युद्धाने शिकविले होते. म्हणून पुढे निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांस जोड्या देण्यात आल्या.

पांड्याचे नशीब निराळे. त्याचे डोंगर त्यास सुटले नाहीत, पण कीर्ती मात्र फार झाली. पहिला जिवंत पांडा १९३६ साली अमेरिकेत पोहोचला व शिकागोजवळील ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयाचे भूषण झाला. सन १९६१ मध्ये वन्यजीवांच्या रक्षणासाठी जी जागतिक संस्था निघाली, तिने आपल्या बोधचिन्हासाठी पांडाच निवडला, आणि त्यास लंडनची ची-ची निमित्त झाली. १९७२ साली चीनने वॉशिंग्टन व टोकियो या दोन्ही राजधान्यांस पांड्यांच्या जोड्या भेट दिल्या, तेव्हा तेथेही माणसांच्या रांगा लागल्या.

सन १९८५ मध्ये त्या ड्यूकच्या पणतवाने वोबर्नमधील सुमारे वीस हरणे चीनला परत दिली. ती विमानाने बीजिंगला गेली आणि नान-हाय-त्झूच्या त्याच जुन्या भूमीवर सोडण्यात आली. पुढच्याच वर्षी आणखी ३९ हरणे इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयांतून समुद्रकाठच्या दाफेंग येथील पाणथळीत पोहोचली. आज चीनमध्ये त्यांची संतती हजारोंनी मोजतात. शास्त्राच्या ग्रंथांत आणि युरोपात हे हरिण फादर दाविद यांच्याच नावाने ओळखले जाते. चीनमध्ये मात्र ते पूर्वीप्रमाणेच मीलू आहे.