गोविंद बल्लाळ देवल

गोविंद बल्लाळ देवल (१३ नोव्हेंबर १८५५ – १४ जून १९१६) हे मराठी नाटककार, नाट्यदिग्दर्शक आणि तालीममास्तर होते. त्यांच्या सात नाटकांपैकी सहा रूपांतरित असून शारदा हे एकच स्वतंत्र आहे. बाणभट्टाच्या कादंबरी या गद्यकथेवरून त्यांनी शापसंभ्रम हे संगीत नाटक रचले.

जीवन

सांगलीजवळील हरिपूर हे देवलांचे गाव. बेळगाव येथे शिकत असताना त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचे मार्गदर्शन लाभले. पुढे तेथेच त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा प्रयोग झाला. विष्णुदास भाव्यांच्या खेळांत पदे सूत्रधार म्हणत असे. आता पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली. पाश्चात्त्य ऑपेराशी या प्रकाराचे नाते असले, तरी त्यात पदांबरोबर गद्य संवादालाही तितकेच स्थान होते. १८८५ मध्ये किर्लोस्करांचे निधन झाले. त्यानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी नाटके लिहिणे व नटांना तालीम देणे ही कामे देवलांनी केली.

रूपांतरे

दुर्गा (१८८६) आणि झुंझारराव (१८९०) ही नाटके इंग्रजी नाटकांवरून, तर मृच्छकटिक व विक्रमोर्वशीय ही संस्कृत नाटकांवरून घेतलेली आहेत. झुंझाररावाचा आधार शेक्सपिअरचे ऑथेल्लो होय.

शापसंभ्रम (१८९३) मात्र नाटकावरून नव्हे, तर कथेवरून रचलेले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाची ही कृती त्याच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली व त्याच्या पुत्राने ती पूर्ण केली. हिच्याच नावावरून मराठीत या साहित्यप्रकाराला कादंबरी हा शब्द रूढ झाला. राजा शूद्रकाच्या सभेत एक पोपट गोष्ट सांगतो, त्या गोष्टीत जाबाली ऋषी दुसरी सांगतात आणि तिच्यात महाश्वेता आपली हकीकत कथन करते. शापामुळे प्रेमिकांच्या जोड्या जन्मोजन्मी ताटातूट भोगतात. निवेदकाने सांगितलेले रंगभूमीवर प्रत्यक्ष घडावे लागते. म्हणून अशा कथेचे नाटक करणे हे नाटकाच्या भाषांतराहून अवघड काम होते. संस्कृत न जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत या नाटकामुळे बाणाची कथा मराठीत पोहोचली.

शारदा

शारदा (१८९९) या नाटकात देवलांनी जरठ-बाला विवाहाचा प्रश्न हाताळला. धनलोभी कांचनभट आपली मुलगी शारदा हिचा विवाह वृद्ध श्रीमंत भुजंगनाथाशी ठरवतो; भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. कोदंड हा तरुण या विवाहाला विरोध करतो. ही भूमिका भाऊराव कोल्हटकर यांनी केली. पुराणातील राजकन्येऐवजी शेजारच्या घरातील मुलगी रंगभूमीवर आल्याने प्रेक्षकांना आपल्याच समाजाचे चित्र दिसले. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा शारदा कायदा म्हणून ओळखला जात असला, तरी ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले आहे, नाटकावरून नव्हे.

अखेरचे नाटक

मोलिएरच्या प्रहसनावर आधारलेल्या मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी आधी गद्य नाटक लिहिले होते. त्यात पदे घालून त्यांनी संशयकल्लोळ सिद्ध केले. १९१६ मध्ये त्यांच्या निधनानंतर गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती या भूमिका गाजल्या. देवलांना स्वतःला मात्र हा प्रयोग पाहता आला नाही.